चेक लाइट पेटला, गॅरेजवाला म्हणतो दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला. खरंच बदलू का?

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

मंडळी, गाडीचा प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहितो. पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, २०१४ चं मॉडेल, बीएस-४, धावली आहे १ लाख १८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर 'आमची चांगली की तुमची' सुरू होऊन धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि माझा दिवा पेटलेलाच राहील.

गेल्या महिन्यापासून इंजिनाचा पिवळा दिवा सतत लागलेला आहे. गाडी बंद पडत नाही, मिसिंग नाही. पण गावातल्या गावात १४-१५ मिळणारं ॲव्हरेज ११ वर आलंय. सकाळी सुरू केल्यावर मागे कच्च्या पेट्रोलचा वास येतो. गंमत म्हणजे पुण्याला गेलो तर हायवेवर फारसा फरक पडलेला नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड दोन: पी०१३५ आणि पी०१४१. मेकॅनिकचं म्हणणं, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले, जोडीच बदलू, मजुरीसकट साडेआठ हजार. ऑनलाइन तसाच दिसणारा एक बाराशेला मिळतोय. तो मागवून स्वतः बसवला तर? घरी पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे, हात काळे करायची तयारी आहे.

बावीसचा_पाना, कोल्हापूर

कृष्णाकाठ भाऊ, एवढ्यात खिशात हात घालू नका.

पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरचं हीटर सर्किट, पी०१४१ म्हणजे मागच्याचं हीटर सर्किट. सर्किट म्हणतोय तो कोड. 'सेन्सर मेला' असं कुठल्याच कोडात लिहिलेलं नसतं, ते आपण वाचतो. दोन वेगळ्या ठिकाणी बसलेल्या सेन्सरांचे हीटर एकदम जाणं मी क्वचित पाहिलंय, आणि माझं पोट याच कामावर आहे. मात्र त्या दोघांना १२ व्होल्ट जिथून येतात ती वाट बऱ्याच गाड्यांत एकच असते, आणि त्या वाटेवर एक फ्यूज असतो. तो उडाला की दोन्ही कोड हातात हात घालून येतात.

आधी फ्यूज बघा. डोळ्यांनी नको, काढून मल्टिमीटरवर तपासा. आणि एक सांगा, दिवा लागायच्या आधी गाडीखाली कुणी शिरलं होतं का? क्लच, सायलेन्सर, गिअरबॉक्स, काहीही?

जुना_प्रवासी, पुणे

धागा आवडला. एक बाळबोध शंका. आमच्या प्रीमियर पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, चोक होता आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एअर-पेट्रोल सेट करणारा एक हुशार मेकॅनिक होता. हा सेन्सर नेमकं काय करतो? आणि जळता धूर अंगावर घेणाऱ्या वस्तूला वर हीटर कशाला?

टोरांटोकर

पुढचा सेन्सर म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) आधीचा, मागचा म्हणजे नंतरचा. पुढच्याच्या सांगण्यावरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल कमी-जास्त करतो. मागच्याचं मुख्य काम कॅट नीट चाललाय का यावर नजर ठेवणं. म्हणून मागचा बिघडला तर ॲव्हरेज सहसा इतकं पडत नाही. फ्यूज तपासायला +१.

मृण्मयी_ना, नाशिक

जुना_प्रवासी काका, शंका बाळबोध मुळीच नाही, सगळी मेख त्या हीटरमध्येच आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनची, त्यामुळे थोडं लांबेल.

सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक असतं, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. एका बाजूला एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका व्होल्टेज तयार होतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक राहिला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की ०.१ च्या आसपास. मध्ये ०.४५ ला उंबरठा. ईसीयू त्या उंबरठ्यावरून सतत आत-बाहेर करत राहतो, कारण पेट्रोल आणि हवेचं वजनी प्रमाण १ ला १४.७ च्या जवळ राहिलं तरच तीन-मार्गी कॅट तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करू शकतो. बॉशचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला, कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी. आपल्याकडे कॅट आला १९९५ मध्ये, चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना, आणि सोबत शिसेविरहित पेट्रोल, कारण शिशाने कॅट आणि सेन्सर दोन्ही निकामी होतात. देशभर शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं.

आता हीटर. झिर्कोनिया साधारण ३०० अंशांच्या पुढे गेल्यावरच नीट बोलायला लागतो. थंड इंजिनात तो गप्प असतो आणि तोवर ईसीयू ठरावीक तक्त्यावरून, जरा सढळ हाताने पेट्रोल देतो. हीटर असेल तर ही मुकी वेळ फार थोडी. हीटर नसेल तर एक्झॉस्टच्या उष्णतेवर भिस्त. हायवेवर ती भरपूर, म्हणून तिथे कृष्णाकाठ यांना फरक नाही. गावात, सिग्नलला, छोट्या फेऱ्यांत सेन्सर तापत नाही किंवा तापून पुन्हा निवतो. सकाळचा वास आणि गावातलं ११ चं ॲव्हरेज या दोन्हींचा धागा इथे जुळतो. म्हणजे कोड खोटा नाही, हीटर खरंच बंद आहेत. प्रश्न फक्त का बंद आहेत एवढाच.

वऱ्हाडी_ठसका, अमरावती

भाऊ, मधात घुसतो, माफी असावी. माझ्या गाडीले बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट हाय. लंबा पल्ला मारला का पी०१७१ येते, म्हंजे इंधन कमी पडते असा कोड. किटवाला म्हणते सेन्सर बदला, गाडीवाला म्हणते किट काढा. मी कोणाचं ऐकू?

बावीसचा_पाना, कोल्हापूर

वऱ्हाडी भाऊ, कुणाचंच नको, आधी हे करा. आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो-घटवतो तो आकडा) लिहून ठेवा, सीएनजीवरचा आणि पेट्रोलवरचा, दोन्ही.

तुमच्या किटचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरची वेळ उसनी घेतो, स्वतःच्या मॅपने गुणतो आणि तेवढा गॅस सोडतो. मॅप कंजूष असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणारा भाग) दाब पडत असेल तर गॅस कमी जातो. सेन्सर खरं तेच सांगतो की ऑक्सिजन उरतोय. गाडीचा ईसीयू वाढवत वाढवत २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेला की हात टेकतो आणि पी०१७१ टाकतो. पेट्रोलवर ट्रिम शून्याच्या जवळ परत आला तर सेन्सर निर्दोष, किटवाल्याला लॅपटॉप घेऊन बोलवा. आला नाही तर हवा कुठून चोरून शिरतेय ते शोधायचं. फार जुन्या किटांत सेन्सरची सिग्नल वायर कापून मध्ये एम्युलेटर (ईसीयूला खोटा सिग्नल देणारा डबा) बसवलेला असायचा, तसं काही नाही ना तेही बघून घ्या.

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

पाना भाऊ, तुम्ही ज्योतिषी आहात का? फ्यूज उडालेला होता, १५ अँपिअरचा. नवीन घातला, चावी फिरवली, इंजिन सुरू केलं आणि तोही गेला. आणि हो, दिवा लागण्याच्या आधी क्लचप्लेट बदलली होती. त्या वेळी सायलेन्सरचा पुढचा भाग खाली उतरवला होता.

शेजारचे एक गृहस्थ म्हणतात २५ चा फ्यूज घाल, नाही उडणार.

बावीसचा_पाना, कोल्हापूर

शेजाऱ्यांना चहा पाजा, पण त्यांचं ऐकू नका. २५ चा फ्यूज उडणार नाही, वायरिंग पेटेल. फ्यूजमध्ये तार गुंडाळणारेही भेटतील, त्यांना गाडीजवळ फिरकू देऊ नका.

फ्यूज परत उडतो म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. शोधायचं कसं ते सोपं आहे. मागच्या सेन्सरचा कनेक्टर सोडा, नवीन फ्यूज घाला, गाडी सुरू करा. टिकला तर दोष मागच्या बाजूला. नाही टिकला तर मागचा जोडून पुढचा सोडा. दोन्ही सोडूनही उडत असेल तर दोष गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात), मग काम मोठं. क्लचचं ऐकल्यावर माझी पैज मागच्यावर. सायलेन्सर परत चढवताना वायरची क्लिप लावायची राहते आणि वायर पाइपावर टेकते.

गाडीखाली जाण्याआधी घोड्या लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून आत शिरायचं नाही. आणि सायलेन्सर थंड असू द्या.

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

पैज जिंकलात. मागचा सोडल्यावर फ्यूज टिकला. खाली जाऊन बघितलं तर वायर पाइपाला चिकटून वितळलेली, आतली तांब्याची तार उघडी. वितळलेला भाग सेन्सरच्या बाजूचा आहे, कनेक्टरच्या अलीकडे साधारण चार बोटं. क्लिपचा पत्ताच नाही.

कनेक्टर उघडून दोन पांढऱ्या वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजला, ९ ओहम आला. पुढच्या सेन्सरचा ७. म्हणजे दोन्ही हीटर जिवंत?

इथला ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, आणा, पाच मिनिटांत सोल्डर करून टेप मारतो.

मृण्मयी_ना, नाशिक

जिवंत आहेत. थंड असताना काही ओहम ते पंधराएक ओहम, मॉडेलप्रमाणे बदलतं. तुटलेला हीटर मीटरवर अनंत दाखवतो. साडेआठ हजार वाचले बघा.

पण सोल्डर नको! वर मी 'दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा' असं म्हटलं होतं. ती हवा आत जाते कुठून? बऱ्याच सेन्सरांत वायरीच्या आवरणातून, तांब्याच्या तारांमधल्या सांदीतून. सोल्डर वितळून तारांमध्ये शिरला की वाट बुजते, संदर्भाची हवा शिळी होते आणि सेन्सर चुकीचा व्होल्टेज देऊ लागतो. म्हणून उत्पादक स्वतःच क्रिम्प जोड सांगतात. तांब्याची जोड-नळी, नीट क्रिम्पिंग पक्कड, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. कनेक्टरमध्ये ग्रीस, डब्ल्यूडी-४०, कॉन्टॅक्ट क्लीनर यांतलं काही मारायचं नाही, कारण तेच. आणि पक्कड सिग्नलच्या वायरींवर चालवायची गरज नसेल तर चालवू नका.

जुना_प्रवासी, पुणे

ही सोल्डरची गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

अवांतर: ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे हे सेन्सर खराब होतात असं सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय.

मृण्मयी_ना, नाशिक

काका, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ तर ई२० ला साडेतेराच्या आसपास. सेन्सर उरलेला ऑक्सिजन बघतो, टाकीत काय भरलंय ते नाही. तो म्हणतो हवा जास्त होतेय, ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो, ट्रिम काही टक्के वर दिसतो. सेन्सरला त्याने इजा होत नाही. ॲव्हरेज घटतं ते इथेनॉलची ऊर्जा कमी म्हणून. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते.

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

वायर क्रिम्प केली, नवी क्लिप लावली, वर काचेच्या धाग्याची उष्णतारोधक नळी चढवली. फ्यूज टिकलाय, कोड उडवले, सकाळचा वास गेला. गावात ॲव्हरेज १३ झालं.

आनंद थोडाच टिकला. काल पुन्हा दिवा. या वेळी एकटाच कोड, पी०१३३. पुढचा सेन्सर, 'प्रतिसाद मंद'. आता तरी सेन्सरच ना?

टोरांटोकर

१ लाख १८ हजार किलोमीटर, दहा वर्षांहून जुना सेन्सर आणि समोर पी०१३३. मी असतो तर बदलून मोकळा झालो असतो. हीटरवाल्या सेन्सरचं आयुष्य दीडएक लाख किलोमीटर धरतात, त्याच्या जवळच आहात. पुढचा सेन्सर मंद असताना महिनोन्महिने चालवलं तर कॅटचं वाटोळं होईल आणि कॅटची किंमत ऐकून तुम्हाला सेन्सर स्वस्त वाटेल.

बावीसचा_पाना, कोल्हापूर

टोरांटोकर साहेब, तुमच्याकडे तासाची मजुरी पार्टपेक्षा महाग, म्हणून तपासत बसण्यापेक्षा बदलणं परवडतं. इथे उलटं आहे. पी०१३३ मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्या) पॅकिंग फुंकत असेल तरी येतो. प्रत्येक स्फोटानंतर दाब क्षणभर खाली जातो, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर गोंधळतो. नवीन सेन्सर घातला तरी चार दिवसांनी तोच कोड. ग्राहक मग माझ्या नावाने शिमगा करतो.

कृष्णाकाठ भाऊ, २०१३ च्या एप्रिलपासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीची स्वतःचे दोष ओळखणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, तुमच्या स्टिअरिंगखाली पोर्ट असणारच. त्यात लावायचं ईएलएम३२७ चं ब्लूटूथ यंत्र स्वस्तात मिळतं, मोबाइलवर आलेख दिसतो. इंजिन पूर्ण गरम करा, पंखा एकदा चालू होऊन बंद होऊ द्या. मग २५०० आरपीएम धरून पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज बघा.

मृण्मयी_ना, नाशिक

एक पुस्ती जोडते. ॲपमध्ये त्या वेळी फक्त तो एकच घटक निवडा. स्वस्त यंत्र सेकंदाला मोजकीच वाचनं देतं. आरपीएम, तापमान, वेग, ट्रिम असं सगळं एकत्र लावलंत तर वाटणी होऊन आलेख पायऱ्यापायऱ्यांचा येतो आणि धडधाकट सेन्सरही सुस्त दिसतो. या एका कारणावरून चांगले सेन्सर कचऱ्यात गेलेले मला माहीत आहेत.

चांगला सेन्सर २५०० ला ०.१ ते ०.९ अशा उड्या मारतो, दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी. नंतर ॲक्सिलरेटर झटकन दाबा, व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर जायला हवा. सोडा, इंधन तुटून तो ०.१ कडे कोसळायला हवा. शिवाय ट्रिम बघून ठेवा, पण वेगळ्या वेळी. गाडीच्या या पिढीत पुढचा सेन्सर बहुधा असाच चार वायरींचा उड्या मारणारा असतो. काही नव्या गाड्यांत वाइडबँड (उड्या न मारता हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण सांगणारा) असतो, त्याला हे आकडे लावू नयेत.

आणि सेन्सरच्या सिग्नल वायरीवर टेस्ट लॅम्प लावायचा नाही, त्या दोन वायरींमध्ये ओहमही मोजायचे नाहीत. मीटर चालेल, तोही डिजिटल आणि व्होल्टवर.

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

सगळं केलं. २५०० ला व्होल्टेज ०.२ ते ०.७ च्या मध्येच लोळतो, दहा सेकंदांत तीन हेलकावे. झटका दिला तर ०.७५ पर्यंत जातो, पण आळस देत. सोडल्यावर खाली यायलाही वेळ घेतो. लाँग टर्म ट्रिम +४.

फट शोधण्यासाठी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डभोवती हात फिरवला, मग साबणाचं पाणी फवारलं. फुंकर नाही, बुडबुडे नाहीत, काळे डागही नाहीत. मागचा सेन्सर गरम झाल्यावर ०.६५ ला स्थिर.

बावीसचा_पाना, कोल्हापूर

आता बदला, निर्धास्त. मागचा स्थिर आहे म्हणजे कॅट शाबूत, ट्रिम आटोक्यात म्हणजे हवा-इंधन ठीक, फट नाही, हीटर ठीक, वायर ठीक. एकच संशयित उरला. फक्त पुढचा घ्या. बाराशेचा घेऊ नका. नकली सेन्सरवर नाव आणि खोका हुबेहूब असतो, आतलं सिरॅमिक मात्र काही महिन्यांत झोपतं. गाडीच्या कंपनीचा घ्या, किंवा बॉश, डेन्सो, एनटीके यांचा, अधिकृत विक्रेत्याकडून, पार्ट नंबर जुळवून. कनेक्टरसकट येणारा घ्या. 'युनिव्हर्सल' घेतलात तर वायरी जोडत बसाल, आणि रंग सगळ्यांचे सारखे नसतात. बॉश-एनटीकेत बहुधा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, राखाडी ग्राउंड. डेन्सोत बहुधा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. पांढरीचा अर्थ दोन्हीकडे वेगळा, तिथेच लोक फसतात.

काढायची रीत. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. हीट शील्डचे बोल्ट आदल्या संध्याकाळी गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवा, ते तुटले की सेन्सरपेक्षा त्यांचीच डोकेदुखी. सेन्सरच्या आट्यांनाही तेल द्या, पण नवीन सेन्सरच्या आसपास ते तेल नको. इंजिन कोमट असावं. थंडगार असताना आटे आवळलेले असतात, तापलेलं असताना हात भाजतो. कनेक्टरची कळ दाबून सोडवा, वायर ओढून नाही.

पाना २२ चा (माझं नाव उगाच नाही). रिंग पान्यात वायर अडते, म्हणून बाजूला खाच असलेला सेन्सर सॉकेट मिळतो तो घ्या, पाचेकशेत येतो. जुना सेन्सर टाकायचाच असेल तर वायर कापून साधा बॉक्स पाना लावला तरी चालतं, पण त्याआधी नवीन हातात आणि जुळलेला हवा. एकदम झटका न देता थोडं सोड, थोडं आवळ, पुन्हा सोड. कुरकुरला तर थांबून तेल. मॅनिफोल्डचे आटे गेले तर एम१८ बाय १.५ चा टॅप लागतो आणि मग तो दिवस तुमचा राहत नाही.

नवीन बसवताना आट्यांवर आधीच राखाडी पेस्ट असते, तशी असेल तर वर काही लावू नका. नसेल तर निकेलवाली अँटी-सीझ, अगदी पातळ, आट्यांवरच. टोकाला बोटही लावायचं नाही. सुरुवातीचे आटे हातानेच घ्या. टॉर्क रेंच असेल तर ४० ते ४५ न्यूटन-मीटर, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते खरं. वायरीला पीळ पडू देऊ नका, ती पूर्वीच्याच वाटेने, पूर्वीच्याच क्लिपात. त्याचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. आणि नवीन सेन्सर हातातून फरशीवर पडला तर बसवू नका, बाहेरून काही दिसत नाही पण आत सिरॅमिक तडकतं.

जुना काढला की टोकाचा रंग सांगा.

टोरांटोकर

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सेन्सर मॅनिफोल्डशी एकजीव होतो. तेल लावून रात्रभर ठेवूनही हलला नाही तर सेन्सरला नाही, त्याच्या भोवतीच्या धातूला गॅसच्या ज्योतीने तापवायचं, तो फुगतो आणि सेन्सर सुटतो. तेल सुकलेलं असताना, पेट्रोलच्या पाइपापासून लांब, शेजारी अग्निशामक ठेवूनच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या गाड्यांना खाऱ्या हवेमुळे हे कधीतरी लागेल. कराडला बहुतेक नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

बसवला. सुटायला त्रास झाला नाही, हीट शील्डच्या एका बोल्टाने मात्र घाम काढला. सेन्सर अधिकृत विक्रेत्याकडून ३४०० ला, सॉकेट साडेपाचशे.

जुन्याचं टोक काळं नाही, तेलकट नाही. पांढरट, खडूची भुकटी बसल्यासारखं.

मृण्मयी_ना, नाशिक

पांढरं म्हणजे बहुधा सिलिका. वाटा दोन. एक, कूलंट ज्वलनात शिरतंय, त्यातल्या सिलिकेटचा थर बसतो. दोन, इंजिनावर कुणीतरी साधी सिलिकॉन पेस्ट भरपूर लावली आहे. तिची वाफ क्रँककेसमधून श्वसन-नळीतून इनटेकमध्ये जाते, जळते आणि सेन्सरच्या टोकावर काचेसारखी बसते. सेन्सरची छिद्रं बुजली की तो मंद होतो, म्हणजे नेमका पी०१३३. काळं असतं तर जादा पेट्रोल, तपकिरी आणि तेलकट असतं तर ऑइल जळतंय असं म्हटलं असतं.

कूलंट कमी होतंय का? टॅपेट कव्हर कधी उघडलं होतं का?

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

कूलंट तसूभर हललेलं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या वर्षी गळत होतं, तेव्हा पॅकिंग न बदलता पेस्ट मारून दिलेली आहे. कडेने लाल रंगाची पेस्ट बाहेर आलेली अजून दिसते.

बावीसचा_पाना, कोल्हापूर

खरवडून काढा, मूळ रबरी पॅकिंग टाका, दोन-चारशेचं काम आहे. कोपऱ्यांत पेस्ट लागलीच तर डबीवर 'सेन्सर-सेफ' लिहिलेली आणि तांदळाच्या दाण्याएवढीच. नाहीतर हा ३४०० चा सेन्सरही त्याच वाटेने जाईल.

कृष्णाकाठ (धागाकर्ते), कराड

पॅकिंग बदललं. नवीन आलेख: २५०० ला ०.१ ते ०.८५, दहा सेकंदांत नऊ उड्या, झटक्याला ताबडतोब उत्तर. ट्रिम +२. गावात ॲव्हरेज १४ च्या पुढे. दिवा बंद.

एकच प्रश्न. पीयूसी संपत आलीय. कोड उडवल्यावर लगेच जाऊ, की थांबू?

मृण्मयी_ना, नाशिक

ॲपमध्ये 'रेडीनेस' बघा. कोड उडवले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या शून्यावर जातात आणि थंड सुरुवात, शहर, हायवे असं थोडं चालल्यावर पूर्ण होतात. आपल्या पीयूसीला धूरच मोजतात, त्यामुळे तिथे ते अडणार नाही. पण सगळ्या पूर्ण झाल्यावर गेलात तर दिवा परत लागणार नाही याचीही खात्री होते. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमपर्यंत चालतं. २५०० च्या आसपास सीओ ०.२ आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण आदर्शाच्या किती जवळ आहे तो आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३. पावतीवर लॅम्डा छापून आला तर इथे टाका, मला बघायचाय. केंद्रावर जाताना इंजिन गरम असू द्या, थंड कॅट नापास करतो.

वऱ्हाडी_ठसका, अमरावती

पाना भाऊ, तुमचं ऐकलं. सीएनजीवर ट्रिम +२३ होता, पेट्रोलवर आठ दिवसांत +३ वर आला. किटवाल्याले आकडे दाखवले तं मंग लॅपटॉप काढला त्यानं. गॅस फिल्टर काळा कुट्ट निघाला, तो बदलला आन् मॅप परत बसवला. आता सीएनजीवर +६ हाय. नागपूरले जाऊन आलो, दिवा नाही लागला. सेन्सर जुनाच हाय.

बावीसचा_पाना, कोल्हापूर

+६ चालेल. रिड्यूसरचा दाबही एकदा मोजून घ्या, फिल्टर इतका काळा असेल तर आतही घाण असणार.